नव्व्याण्णव हजारांच्या पुढे

माझे वडील खरं बोलतात हे सिद्ध करण्यासाठी मी चार माणसांनी उचलायचं एक मशीन आमच्या बुलढाण्याच्या घरात आणून ठेवलं. आईने त्याच दिवशी जाहीर केलं की बापलेकीला एकत्रच वेड लागलंय आणि आता समोरच्या खोलीत पाहुणे आले तर त्यांना स्वयंपाकघरात मांडी घालून बसवावं लागेल. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मशीन आल्यावर सोफा गॅलरीत गेला आणि तो आजही तिथेच आहे.

बाबांची ती गोष्ट आमच्या नात्यात सगळ्यांना पाठ आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ते सासरच्या मंडळींबरोबर जत्रेला गेले होते. तिथे एका तंबूत ‘गोळीचं मशीन’ होतं, म्हणजे पिनबॉल. काचेखाली उतरती फळी. स्प्रिंग ओढून पोलादी गोळी वर सोडायची, ती खुंट्यांवर आपटत खाली येते, आणि प्रत्येक आपटण्याला घंटी वाजून समोरच्या उभ्या काचेतले आकडे वाढत जातात. खालच्या टोकाला दोन फ्लिपर असतात, बाजूची बटणं दाबली की फाडकन उडणाऱ्या दोन पट्ट्या. गोळी त्यांच्या मधून खाली पडली की गेली. पाच गोळ्यांचा डाव. दिवसभरात सर्वांत जास्त गुण करणाऱ्याला भिंतीवरचं घड्याळ मिळणार होतं.

बाबा एस.टी.त ड्रायव्हर होते. तेव्हा नुकतेच लागलेले, हात तरणे. त्यांचं म्हणणं असं की त्या दिवशी आकडे नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत पोहोचले, आणखी एक घंटी वाजली, आणि पाचही चाकं गरकन फिरून शून्यावर आली. नेमकी तेव्हाच सासरची मंडळी तंबूत शिरली. मालक ओरडला, ‘‘शून्य! ह्याचं तर शून्य!’’ सगळे हसले. नवे जावईबापू घामाघूम होऊन सांगताहेत, ‘‘लाख झाले म्हणून शून्य आलं,’’ आणि मंडळी पोट धरून हसताहेत.

तेव्हापासून हे वाक्य बाबांच्या मानगुटीवर बसलं. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, त्यात सर्वांत पुढे. लग्नाच्या पंगतीत बाबांचं ताट रिकामं दिसलं की हा वाढप्याला हाक मारणार, ‘‘अरे, भाऊजीले लाडू वाढू नोको. लाख झाले म्हणून ताट रिकामं दिसून राह्यलं!’’ आणि अख्खी पंगत खो खो. बाबा बाकी कशावर चिडत नाहीत. घाटात समोरून ट्रक अंगावर आला तरी शांतपणे गाडी बाजूला घेणारा माणूस. पण या वाक्याला त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. मी लहानपणापासून त्या पाळ्या बघत आले आहे आणि प्रत्येक लग्नात मला मामाच्या ताटात मीठ ओतावंसं वाटलं आहे.

मशीन सापडलं ते शेजारच्या काकूंमुळे. त्यांचं भाजीचं शेत देऊळघाटला. दिराने तिथली जुनी शेड पाडायला काढली आणि काकू कुंपणावरून सहज बोलल्या, ‘‘त्या शेडीत जत्रेवाल्याचं एक धूड पडेल हाये. काचेचं. पावसाळ्यापुरतं ठेवतो म्हणे, अन् मंग फिरकलाच नाही.’’

मी हातातली बादली तिथेच ठेवली. ‘‘गोळी असते का हो त्यात?’’

‘‘गोळी पाह्यली नाही माय. उंदरं पाह्यले.’’

बाबांना घेऊन मी त्याच दुपारी देऊळघाटला गेले. कापसाच्या बोंदऱ्या, म्हणजे गोणपाटं, बाजूला केली, उभी काच दिसली. काचेवर घोड्यावर उभी राहिलेली सर्कसवाली, मागे तंबू, आणि उजव्या कोपऱ्यात कुणीतरी चिकटवलेलं लक्ष्मीचं चित्र, दुकानाच्या गल्ल्यावर असतं तसं. बाबांनी दोन्ही हात मशीनच्या दोन बाजूंना लावले. बोटं बरोबर बटणांवर गेली.

‘‘हेच हाये,’’ ते म्हणाले. काकूंच्या दिराला जागा मोकळी होण्याशी मतलब. त्याने स्वतःच्या टेम्पोतून ते आमच्या दारात आणून उतरवलं.

मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. पोरांनी जाळलेले मीटर दुरुस्त करण्यात माझं आयुष्य चाललंय, त्यामुळे मला वाटलं, त्यात काय! मागचं झाकण उघडलं आणि मी अक्षरशः नाचले. आत एकही चिप नव्हती. सगळा कारभार तारांचा, छोट्या छोट्या विद्युतचुंबकांचा आणि पितळी पट्ट्यांचा. गोळी खुंटीला लागली की पट्टीला पट्टी चिकटते, चुंबक ओढतो, आकड्याचं चाक एक घर पुढे सरकतं. सगळं डोळ्यांना दिसतं! मोबाइलसारखं नाही, की बिघडला तर नुसतं तोंड बघत बसा. मी आईला ओढून आणलं आणि एक पट्टी बोटाने दाबून दाखवली. टण्ण करून घंटी वाजली. आई म्हणाली, ‘‘देवळातली आणली असती तं हलकी पडली असती.’’

उंदरांची घरटी निघाली. कुरतडलेल्या तारा एकेक करून जोडल्या. काळ्या पडलेल्या पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासून घासून माझ्या बोटांचे ठसे गेले असतील. आकड्यांची चाकं जुन्या तेलाने अशी चिकटली होती की आईच्या नकळत मी ती तिच्या इडलीच्या भांड्यात रॉकेल घालून भिजवली. नकळत हे दुपारपर्यंतच टिकलं. खुंट्यांवरचं रबर हात लावताच भुगा झालं, म्हणून बाबांनी सायकलच्या ट्यूबमधून छल्ले कापले. गोळी त्यांनी बेअरिंगच्या दुकानातून आणली, घरी येईपर्यंत खिशात हात घालून तीच चाचपत होते.

बाबा रोज कामाच्या वेळी खुर्ची घेऊन शेजारी बसत. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. मशीन चालू झालं आणि त्यातल्या चाकांना नव्व्याण्णव हजारांच्या पुढे जाताच येत नसेल तर? एखादी अडणी असेल, तिथेच थांबत असतील तर? मग त्यांची गोष्ट कायमची खोटी. मलाही भीती वाटायची. चाकं सोडवताना मी आधी तेच तपासलं. नऊनंतर चाक अडत नव्हतं. फिरून शून्यावर येत होतं. मी इतक्या जोरात ओरडले की काकू कुंपणापाशी धावत आल्या.

‘‘बाबा, फिरते! नऊच्या पुढे फिरते!’’

‘‘म्या काय सांगून राह्यलो मंग इतके दिवस?’’ बाबा म्हणाले. पाळ्या लाल झाल्याच होत्या, पण या वेळी आनंदाने.

फ्लिपर उडवणारी तारेची दोन्ही वेटोळी, म्हणजे कॉइल, जळालेली होती. ती मी मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे दिली. हा माणूस आमच्या भागातल्या विहिरींवरच्या निम्म्या मोटारींत नवी तार भरून देतो. त्याने चार दिवसांनी वेटोळी दिली, वर छाती फुगवून. ‘‘मॅडम, बिनधास्त चालवा. असं भरून देल्लं, जळायचा प्रश्नच नाही.’’

पहिली चाचणी. मी, बाबा, हातात पोळपाट घेऊन दारात आई. स्विच दाबला, दिवे लागले, सर्कसवाली उजळली. आमच्या घरात इतका उजेड कधी पडला नव्हता. बाबांनी स्प्रिंग ओढली, गोळी वर गेली, टण्ण, टण्ण, खाली आली. बाबांनी बटण दाबलं. फ्लिपर असा उसळला की गोळी फळी सोडून उडाली आणि वरच्या काचेला आतून लागली. काच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तडकली. आईने पोळपाट ढालीसारखा तोंडासमोर धरला.

‘‘काय फेकली बे!’’ बाबा ओरडले. काच फुटल्याचं कुणाला पडलंय! चाळीस वर्षं गिअर टाकणारा तो हात हवेत उडत होता.

मी रिवाइंडिंगवाल्याकडे धावले. तेव्हा उलगडा झाला. आमच्याकडे शेतात विजेचा दाब नेहमी पडलेला असतो, म्हणून तो प्रत्येक मोटार कमी व्होल्टेजवर चालेल अशीच भरतो. जाड तार, कमी वेढे. तीच माया त्याने माझ्या फ्लिपरांवर केली होती. बिचाऱ्या इवल्याशा पट्टीला त्याने विहिरीचं पाणी उपसण्याची ताकद दिली होती. मी म्हटलं, पहिल्यासारखी बारीक तार घाला, जास्त वेढे द्या. तो दुखावलाच.

‘‘म्हंजे चांगलं काम बिघडवून देऊ?’’

‘‘हो, बिघडवून द्या.’’

‘‘गिऱ्हाईक ताकद मागते मॅडम. कमी करून मागनारं पह्यलंच पाह्यलं.’’ पण दिली बिघडवून, आणि अगदी छान बिघडवली. वरची काच म्हणून आमच्या टेबलाची काच बसवली. आईचा सोफा आधी गेला होता, आता टेबलही उघडं पडलं.

दिवे बदलताना मला आणखी एक गोष्ट दिसली. उभ्या काचेमागे सगळ्या बल्बांची घरं होती, पण उजव्या कोपऱ्यातल्या घरात बल्बच नव्हता. जळालेलाही नाही, काढून घेतलेला. त्या घराच्या पुढे, काचेवर, लक्ष्मीचं ते चित्र. चित्राखाली काय असेल या विचाराने मला धीर निघेना. पण बाबांनी हात धरला.

‘‘दुसऱ्याच्या देवाले आपण खरवडायचं नाही. शेजार हाये.’’

आम्ही बौद्ध, आणि बाबा या बाबतीत फार काटेकोर. मग मी काकूंनाच बोलावलं. त्यांनी चित्राला हात जोडले, कोमट पाण्यात फडकं भिजवलं आणि कडेकडेने ओलं करत इतक्या हळुवारपणे ते सोडवलं की लक्ष्मीच्या साडीचा काठही फाटला नाही. ‘‘आमच्याच शेडीतून आली ते. विहिरीत सोडीन उद्या,’’ म्हणत चित्र पदरात घेतलं. खाली काचेवर ठळक छापलेलं होतं: एकावर पाच शून्यं. एक लाख.

मी बल्ब लावला. चाकं हाताने फिरवून सगळे नऊ आणले, शेवटची पट्टी दाबली. पाचही चाकं गरकन शून्यावर, आणि कोपऱ्यात लाख लखलखलं! मी टाळ्या वाजवल्या, काकूंनी वाजवल्या, आईनेसुद्धा पिठाच्या हातांनी वाजवल्या. मशीन स्वतःच सांगत होतं की शून्य म्हणजे लाख. घड्याळ द्यावं लागू नये म्हणून मालकाने बल्ब काढून वर देव चिकटवला होता. देवाला कोण हात लावणार?

‘‘त्याले नुसती मोकळी जागा दिसली असन,’’ आई म्हणाली.

‘‘अन् बल्ब कुठी गेला? फिरायले?’’ मी भडकले. आज तो माणूस समोर असता तर मी त्यालाच त्या फ्लिपरवर बसवला असता.

बाबा मात्र टाळ्या वाजवत नव्हते. ते लाखाकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘हे मशीन खरं ठरलं बाई. मी कुठी ठरलो? लाख करता येतात, हे झालं. म्या केले होते, हे कोन सांगन?’’

ते बरोबर होतं. मशीन दुरुस्त करणं माझ्या हातात होतं, ते झालं होतं. उरलेलं एकालाच करता येणार होतं, आणि ते सत्तरीच्या पुढचे होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले. ‘‘खेळून दाखवतो,’’ ते म्हणाले. ‘‘तुह्या मामाच्या पुढं.’’

मग आमच्या घरात परीक्षेचे दिवस आले. चहा झाला की सराव. जेवण झालं की सराव. पहिल्या आठवड्यात वीस हजारांच्या पुढे गाडी जात नव्हती. मग बाबांना हात सापडला. गोळी फ्लिपरवर क्षणभर थांबू द्यायची, मग सोडायची, घाटात क्लच सोडतात तशी. चाळीस, पन्नास. एका संध्याकाळी अठ्ठ्याऐंशी हजार! काकू भाजीची पाटी उतरवायच्या आधी विचारायच्या, ‘‘आज कितीवर गेले भाऊ?’’ कॉलेजात माझं लक्ष लागेना. आई वरवर कुरकुर करायची, पण तिच्या एका बाजूला भाऊ आणि दुसऱ्या बाजूला नवरा, आणि एकदा मी तिला भर दुपारी एकटीला खेळताना पकडलं. बारा हजार केले होते तिने.

बाबांनी बोलावलं त्या दिवशी मामा सुलतानपूरहून पहिल्या गाडीने आला. आईने भरीत आणि भाकरी केली होती. जेवताना त्याची टिंगल नेहमीसारखी चालू. ‘‘भाऊजी, शून्य कुठी ठेवलं? दाखवा न आमाले.’’ हात धुऊन तो समोरच्या खोलीत आला, मशीन बघितलं आणि एकदम थांबला. मग जाऊन डाव्या कोपऱ्याशी उभा राहिला, लाकडी कडेला बोटं अडकवून. खुर्ची दिली तरी बसला नाही.

बाबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. पहिल्या गोळीला बावीस हजार. दुसरी गोळी लवकर गेली, एकूण सव्वीस हजार. तिसरी गोळी म्हणजे नुसती बहार. टण टण टण, थांबेचना, बाबा कमरेपासून डोलत होते, काकू दारातून ‘‘धरा, धरा!’’ ओरडत होत्या, आणि चाकं साठ हजारांच्या पुढे गेली. चौथी अठ्ठ्याहत्तरवर पडली. मी नखं खात होते. मामाने कडेवरची बोटं काढली नव्हती.

पाचवी गोळी. ऐंशी. पंच्याऐंशी. नव्वद! आईने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होते. एक्क्याण्णव. ब्याण्णव. गोळी वरच्या खुंटीला लागून सरळ खाली निघाली, दोन फ्लिपरांच्या अगदी मधोमध. बाबांनी दोन्ही बटणं एकदम दाबली. दोन्ही पट्ट्या उडाल्या. गोळी त्यांच्या मधून गेली.

दिवे विझले आणि खेळ संपल्याचा दिवा लागला. ब्याण्णव हजार चारशे.

बाबांचे हात बटणांवरच राहिले. त्यांना वळून आमच्याकडे बघवत नव्हतं. मला रडू फुटणार होतं आणि मी मामाकडे अशा नजरेने बघत होते की आता एक अक्षर जरी बोललास ना! त्याने तोंड उघडलंच.

‘‘त्या दिवशी याच्या पुढं गेले होते तुमी,’’ तो म्हणाला.

बाबा वळले. ‘‘काय?’’

‘‘मी इथीच उभा होतो. याच कोपऱ्यात. सगळे नऊ झाले, मंग घंटी वाजली, मंग सगळे शून्य झाले. म्या पाह्यलं. मले दिसलं होतं, भाऊजी.’’

मग आई पुढे झाली. ‘‘अन् इतके वर्षं तू काऊन बोलला नाही?’’

मामा मशीनच्या कडेवर बोट फिरवत राहिला. ‘‘आमचे बाबा, दादा, सगळे हसले, तं मीबी हसलो. लहान होतो मी. अन् एकदा हसलो, मंग दरवेळी हसावंच लागलं.’’

मला वाटलं, आता भडका उडणार. मी तर तयारच होते. बाबांच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. ते दोन पावलं मामाकडे गेले, त्याच्या खांद्यावर दणकन हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, ‘‘पाव्हणे, हे परत सांगा.’’

मामाने परत सांगितलं. बाबांनी काकूंना दारातून आत घेतलं. ‘‘ऐका वहिनी, काय म्हनून राह्यले हे.’’ मामाने काकूंना सांगितलं. मग बाबांनी आईचा मोबाइल मागवला, मोठ्या मावशीला लावला, स्पीकर चालू केला आणि मामाच्या तोंडासमोर धरला. मग दुसऱ्या मावशीला. मग त्या दिवशी तंबूत सर्वांत मोठ्याने हसलेल्या आईच्या थोरल्या भावाला. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून मामाला ओरडून सांगावं लागलं, सगळे नऊ झाले, मंग घंटी वाजली. ओरडता ओरडता मामाचे डोळे वाहायला लागले, तरी तो सांगत होता. आणि बाबा त्याला चिकटून बसले होते, फोन धरून, प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं विचारत होते, ‘‘मंग? मंग काय झालं?’’